खरं बोलणं परवडेल असं घर

संडे स्कूलच्या वर्गात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "या आठवड्यात रोज बायबल कोणी कोणी वाचलं? हात वर करा." पुढच्या रांगेतले दोन हात वर होतात, मग शेजारचे चार, आणि बघता बघता सगळा वर्ग हात वर करून बसलेला असतो. शिक्षक खूश होतात, एखाद्या वेळी स्टिकरही वाटले जातात. ज्याने हात खाली ठेवला त्याच्याकडे सगळे वळून बघतात. त्या पाच मिनिटांत मुलांना पवित्र शास्त्राबद्दल फारसं काही कळत नाही, पण एक गोष्ट पक्की कळते: देवाच्या घरात खरं बोललं तर पंचाईत होते, आणि जे दिसायला हवं ते दाखवलं की काम भागतं.

ख्रिस्ती घरातली मुलं खोटं का बोलतात, असं पालक चर्चच्या पाळकांना विचारतात, पाळक तो विषय प्रवचनात घेतात, आणि उत्तर बहुधा दहा आज्ञांपाशी जाऊन थांबतं. पण खोटं बोलू नये हे कोणत्या मुलाला माहीत नसतं? खरं बोलल्यावर आपलं काय होईल याचा हिशेब मुलाने केलेला असतो, आणि खेदाची गोष्ट अशी की तो हिशेब बहुतेक वेळा बरोबर असतो. तो बदलायचा तर मुलाच्या आधी घराला बदलावं लागतं, आणि घराबरोबर मंडळीलाही, म्हणजे चर्चच्या समुदायालाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात (१:१४) प्रभू येशू कृपेने आणि सत्याने परिपूर्ण असल्याचं म्हटलं आहे. आपण मात्र ही तराजूची दोन पारडी समजतो. या आठवड्यात फार ओरडलो, आता थोडी माया करू. फार सूट दिली, आता जरा आवळू. हे असं वाटून घेता येत नाही. ज्या घरात कृपा नाही तिथं सत्य तोंडातून बाहेरच पडत नाही, आणि जे बाहेर आलंच नाही त्याची क्षमा तरी कशी करणार?

आधी वयाचा विचार करू, कारण निम्मी गडबड तिथंच होते. दोन-अडीच वर्षांपासून मुलं घडलं नाही ते घडलं म्हणून सांगू लागतात, आणि चौथ्या वर्षापर्यंत जवळपास प्रत्येक निरोगी मूल कधी ना कधी खोटं बोललेलं असतं. माझ्या मनात आहे ते समोरच्याला ठाऊक नाही, हे कळण्याइतकी त्याची बुद्धी वाढल्याची ती खूण असते. तीन वर्षांचं मूल सांडलेल्या रंगाशेजारी उभं राहून "मी नाही केलं" म्हणतं, तेव्हा "माझ्याकडून हे झालं नसतं तर किती बरं झालं असतं" एवढंच त्याला म्हणायचं असतं. त्याला "सैतान तुझ्या तोंडून बोलतोय" असं सांगणं क्रूरपणाचं आहे. त्याच्या हाती फडकं द्यावं, "रंग सांडला, चल पुसू या" म्हणावं, इतकंच. सहा-सात वर्षांचं मूल शिक्षा टाळण्यासाठी जाणूनबुजून खोटं बोलतं; खरी शिकवण इथून सुरू होते. बारा-तेराव्या वर्षी आणखी एक गोष्ट येते, खासगीपणा. मैत्रिणीशी काय बोलणं झालं हे न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. "मला ते सांगायचं नाही" असं म्हणायची मुभा मुलाला नसेल, तर त्याच्यापुढे बनवून सांगण्यावाचून दुसरा रस्ता उरत नाही.

भीतीने मूल खरं बोलायला शिकतं, ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली या संशोधकांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत मारणं नित्याचं, दुसरीत फक्त समज दिली जाई. तीन-चार वर्षांच्या मुलांना खोलीत एकटं बसवून पाठीमागच्या खेळण्याकडे वळून बघू नका असं सांगितलं. दोन्हीकडच्या बहुतेक मुलांनी बघितलंच. मग विचारल्यावर मार असलेल्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली. शिवाय पुढचे प्रश्न आले तेव्हा ते खोटं निभावून नेण्यातही ती अधिक तरबेज निघाली. छडीने खोटं थांबलं नाही, त्याला धार आली. याच संशोधकांचा २०१४ चा आणखी एक अभ्यास आहे. खोटं बोलणाऱ्याची शेवटी कशी फजिती झाली, अशा गोष्टी ऐकवून तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही. झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या मुलाला वडिलांनी जवळ घेतलं, ही जुनी दंतकथा ऐकवल्यावर मात्र पडला.

यात ख्रिस्ती माणसाला नवीन काही वाटू नये. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्या आई सुझॅना वेस्ली यांनी २४ जुलै १७३२ च्या पत्रात आपल्या घराचे नियम लिहून ठेवले आहेत. बाई अत्यंत कडक होत्या. त्यांच्या घरात छडी होती, आणि तान्ह्या मुलांनीही हळू रडावं अशी त्यांची शिस्त होती. त्यातलं बरंचसं आज मान्य करता येणार नाही. पण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती: शिक्षेच्या भयामुळे मुलं खोटं बोलू लागतात आणि मग ती सवय सुटत नाही. म्हणून त्यांनी नियम केला, की जे मूल आपला दोष सरळपणे कबूल करील आणि सुधारण्याचं वचन देईल त्याला मार नाही. दुसरा नियम: एका चुकीसाठी दोनदा बोलणं किंवा मारणं नाही, आणि सुधारलेल्या चुकीचा पुन्हा उच्चार नाही. स्वतः छडी वापरणाऱ्या बाईने छडीची मर्यादा इतकी स्पष्ट ओळखावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

मोशेच्या नियमशास्त्रातही हेच आहे, फक्त आपण तिथं शिक्षा शोधायला जातो म्हणून दिसत नाही. निर्गम २२ मध्ये चोराकडे चोरलेलं जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट भरपाई आहे. त्याने ते कापलं किंवा विकलं असेल तर मेंढरामागे चौपट, बैलामागे पाचपट. पण लेवीय ६ आणि गणना ५ मध्ये जो आपला अपराध ओळखतो आणि पदरी घेतो, त्याने मूळ वस्तू परत करायची आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे शंभर घेतले असतील तर पकडला जाणारा दोनशे देतो आणि स्वतःहून सांगणारा एकशेवीस. भरपाई दोघांनाही चुकत नाही, पण कबुलीचा रस्ता मुद्दाम स्वस्त ठेवला आहे. भावंडाच्या साठवलेल्या पैशांना हात लावणाऱ्या मुलासाठी हा हिशेब जसाच्या तसा लावता येतो. तो आधीच, शांतपणे, सगळ्या मुलांना सांगून ठेवावा. प्रसंग घडल्यावर ठरवलेला नियम मुलाला सूडासारखा वाटतो.

प्रत्यक्ष प्रसंगात गाडी कुठं घसरते ते पाहू. अकरा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात गणिताचा पेपर सापडतो: पंचवीसपैकी नऊ गुण, आणि खाली वडिलांची सही, मुलाने केलेली. वडील पेपर परत ठेवतात आणि जेवताना सहज विचारल्यासारखं विचारतात, "काय रे, गणिताचा पेपर मिळाला का?" मूल म्हणतं, "अजून नाही." झालं, वडिलांच्या हातात आता दोन गुन्हे आहेत. पण दुसरा त्यांनी स्वतः घडवून आणला आहे. उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न हा सापळा असतो. त्यात सापडलेलं मूल एवढंच शिकतं, की पप्पा हसून विचारतात तेव्हा सावध राहायचं.

कोणी म्हणेल, एदेन बागेत देवानेही "तू कोठे आहेस?" असं विचारलंच की, आणि त्याला तर सगळं माहीत होतं. खरं आहे. पण आदाम लपला होता आणि हाक मारणारा त्याला बाहेर बोलावत होता; पकडण्यासाठी ती हाक नव्हती. त्याच अध्यायात पुढे देवाने त्या दोघांना कातड्याची वस्त्रं करून घातली, आणि तरीही त्यांना बागेतून बाहेर जावं लागलं. उघडं पडणं, झाकलं जाणं आणि परिणाम भोगणं, तिन्ही एकाच अध्यायात आहेत.

वडिलांनी सरळ सांगावं: "तुझ्या दप्तरात पेपर सापडला. ही सही माझी नाही. जेवण झाल्यावर आपण दोघं बोलू. मला खरं ऐकायचंय, आणि खरं ऐकून मी ओरडणार नाही." शेवटचं वाक्य बोलायचं तर पाळायचं, पाळता येणार नसेल तर बोलूच नये. मध्ये अर्धा तास गेला तर चालतो. तो मुलापेक्षा वडिलांसाठी जास्त गरजेचा असतो, कारण माणसाच्या रागाने देवाचं नीतिमत्त्व घडत नाही असं याकोबाने (१:२०) लिहून ठेवलंय. मात्र गोष्ट त्याच रात्री मिटवावी. "उद्या बघतो तुझ्याकडे" म्हणून मुलाला रात्रभर टांगून ठेवणं ही वेगळी शिक्षाच होते. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अर्धा तासही फार. पाच मिनिटांनी तो प्रसंग त्याच्या डोक्यातून गेलेला असतो.

बोलणं दोघांतच व्हावं. भावंडं, आजी, पाहुणे नकोत. मत्तय १८:१५ मधला "तुम्ही दोघे एकान्ती असताना" हा नियम मुलांनाही लागू आहे. पहिल्यांदा मुलाने घडलं ते त्याच्या नावाने सांगावं. "चूक झाली" यात काहीच सांगितलेलं नसतं. "मी तुमची सही केली आणि बाईंना फसवलं" यात सगळं येतं. हे वाक्य त्याच्या तोंडात घालू नये, थांबावं. शांतता लांबली तर लांबू द्यावी. बहुतेक पालक इथं घाई करतात आणि प्रवचन सुरू होतं. मग नुकसान कोणाचं झालं ते त्यालाच शोधू द्यावं. मग भरपाई: दुसऱ्या दिवशी बाईंना त्याने स्वतः सांगायचं. वडील सोबत जातील, पण बोलणार नाहीत. आणि यानंतर तो प्रश्न, जो विचारायला वडिलांना सगळ्यात जड जातो: "नऊ गुण मिळाले हे मला का सांगता आलं नाही?" याचं उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये आणि बाजूही मांडू नये. मागच्या वेळी गुण कमी आले तेव्हा काय झालं होतं, ते बहुधा त्या उत्तरात असतं.

यानंतर क्षमा, आणि ती शब्दांत हवी. "असू दे", "जाऊ दे", "पुन्हा करू नकोस म्हणजे झालं" ही क्षमा नव्हे. असू दे म्हणजे काही विशेष झालं नाही. आणि विशेष तर झालेलं असतं. "तू हे केलंस, मला वाईट वाटलं, मी तुला क्षमा केली" असं पूर्ण वाक्य मुलाला ऐकू यावं. मग वडिलांनी पेपरवर स्वतःची सही करावी. प्रार्थना करायची तर दोन वाक्यांची. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. यापेक्षा लांबलं तर समजावं की आता आपल्या मनाची वाफ निघते आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मग मुलं कबुलीचा सौदा करतील: "सॉरी म्हटलं की सुटका." आक्षेप रास्त आहे, पण शिक्षा आणि परिणाम या दोन गोष्टी एक समजल्यामुळे तो येतो. कबुलीने शिक्षा टळते, परिणाम टळत नाही. बाईंना तोंड दाखवावंच लागतं, पैसे परत करावेच लागतात. परस्त्रीशी व्यभिचार करून तिच्या नवऱ्याला मारवणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने क्षमा सांगितली आणि परिणामही सांगितले (२ शमुवेल १२). आणि तीच चूक तिसऱ्यांदा, तितक्याच सहजतेने कबूल होत असेल, तर कबुली अर्धवट आहे असं समजावं. नीतिसूत्रे २८:१३ मध्ये पदरी घेणं आणि सोडून देणं दोन्ही आहे. अशा वेळी रागाची पट्टी चढवून उपयोग नसतो, वाट अडवावी लागते. मोबाइलवर चोरून रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलाकडून रोज वचन घेण्यापेक्षा मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणं हे कृपेचंच काम आहे. आई-वडिलांचेही तिथंच ठेवले तर मुलाला तो नियम वाटतो, शिक्षा वाटत नाही.

क्षमा केल्यावर ती संपली पाहिजे, आणि चांगल्या घरांतसुद्धा नेमकं इथंच बिघडतं. मार बंद झालेला असतो, पण त्याच्या जागी अबोला आलेला असतो. आई दोन दिवस बोलत नाही. किंवा बोलते, पण प्रत्येक नव्या गोष्टीत जुनं उकरून काढते: "तुझ्यावर कसा विश्वास ठेवू? सहीचं विसरलास का?" दाविदाने आपल्या अबशालोम या मुलाशी हेच केलं. भावाचा खून करून तीन वर्षं गशूरला राहिलेल्या मुलाला त्याने यरुशलेमेत परत आणवलं, पण तोंड दाखवू दिलं नाही. पूर्ण दोन वर्षं मुलगा त्याच शहरात होता आणि बापाची भेट नव्हती (२ शमुवेल १४:२८). शेवटी अबशालोमाने दाविदाचा सेनापती यवाब याच्या शेतातलं उभं सातू पेटवून दिलं, तेव्हा कुठं त्याच्याकडे लक्ष गेलं. पुढे त्याने बापाविरुद्धच बंड केलं. घरात घ्यायचं आणि जवळ घ्यायचं नाही, ही अर्धी क्षमा मुलाला शिक्षेपेक्षा जास्त पोळते, कारण शिक्षेला निदान शेवट असतो. लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मुलगा दूर असतानाच धावत गेला आणि मुलाने पाठ करून आणलेलं भाषणही पूर्ण होऊ दिलं नाही. विश्वास पुन्हा बसायला वेळ लागतो हे मुलाला जरूर सांगावं. "पुढचे दोन महिने मी पेपर थेट बाईंकडून बघणार आहे" असं मुदत घालून सांगावं. मुदत संपली की थांबावं.

आता उलट बाजू, कारण कृपेच्या नावाखाली पांघरूण घालणारी घरंही कमी नाहीत. गृहपाठ झाला नाही म्हणून आई शाळेला चिठ्ठी देते, "काल त्याला ताप होता." मूल ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने नेऊन देतं. त्या चिठ्ठीने वेळ मारून नेली जाते, आणि रविवारी उपासनेत सत्याबद्दल जे जे ऐकलं ते सगळं पुसलं जातं. एली याजकाचा दोष हाच होता: मुलं काय करतात हे त्याला ठाऊक होतं, तो बोललाही, पण त्याने त्यांना आवरलं नाही (१ शमुवेल ३:१३). दाविदाच्याच अदोनीया या मुलाबद्दल तर एकच वाक्य आहे, की त्याच्या बापाने "तू असं का केलंस?" असं विचारून त्याला कधीही दुखवलं नव्हतं (१ राजे १:६). जाब न विचारणं म्हणजे माया नव्हे. मुलाला जाब विचारणारं कोणी नसेल तर आपण काय करतो याने कोणाला काही फरक पडत नाही, असं त्याला वाटू लागतं.

छडीचा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण मंडळीत तो नीतिसूत्रे १३:२४ (जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो) दाखवूनच विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे: मुलांना मारू नये. शिस्त लावणं टाळू नका, हा त्या वचनाचा गाभा आजही लागू आहे. पण प्राचीन काळातलं साधन त्या गाभ्याला चिकटवून आज्ञा म्हणून पुढे आणायचं, तर अनुवाद २१ मधल्या हट्टी मुलाबद्दलच्या नियमाचं काय करणार? वेशीपाशी नेऊन धोंडमार करण्याचा तो नियम कोणताही ख्रिस्ती पालक अक्षरशः पाळत नाही, आणि त्याबद्दल त्याला कोणी अविश्वासू म्हणत नाही. त्याच नीतिसूत्रांत असंही आहे, की समजदाराला एक शब्द जितका खोल जातो तितके मूर्खाला शंभर फटके जात नाहीत (१७:१०). एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये १,६०,००० हून अधिक मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चापट मारण्याशी मुलं अधिक आज्ञाधारक होण्याचा संबंध दिसला नाही. आक्रमकपणा आणि मानसिक त्रास वाढण्याशी दिसला. वचन लिहून काढण्याची शिक्षाही मला तितकीच नकोशी वाटते. पन्नास वेळा स्तोत्र लिहायला लावलेल्या मुलाच्या हाती आपण पवित्र शास्त्राचीच छडी दिलेली असते.

आणि कौटुंबिक प्रार्थनेतला टोमणा. सगळे डोळे मिटून बसलेले, आणि आई प्रार्थनेत म्हणते, "प्रभू, आमच्या लेकराला खरं बोलायची बुद्धी दे, आज त्याने जे केलं ते तू पाहिलंस." मूल उत्तर देऊ शकत नाही, उठून जाऊ शकत नाही. देवाशी बोलण्याच्या निमित्ताने त्याला सगळ्यांसमोर ओरडून घेतलेलं असतं. असं वर्षानुवर्षं झालं तर प्रार्थना सुरू झाली की ते मूल आपोआप अंग चोरून बसतं. मुलाबद्दलची प्रार्थना एकान्तात करावी, आणि त्याच्यासोबत करायची तर त्याला विचारून. कॅथलिक घरांत पापनिवेदनाहून आलेल्या मुलाला "काय सांगितलंस फादरांना?" असं कुतूहलानेही विचारू नये. धर्मगुरूला जे उघड करण्याची सक्त मनाई आहे, ते घरच्यांनी काढून घेऊ नये.

मुलं सर्वांत जास्त शिकतात ती पालकांच्या माफीतून. ती माफी नेमकी, छोटी आणि "पण"शिवाय हवी. "मी ओरडलो, पण तूही ऐकत नव्हतास" ही माफी नाही, आरोपपत्र आहे. "मी तुला सगळ्यांसमोर मूर्ख म्हणालो. ते चुकीचं होतं. मला क्षमा कर," एवढं पुरे. त्यानंतर रडून मुलालाच आपलं सांत्वन करायला लावू नये, आणि लगेच क्षमा मिळण्याची अपेक्षाही करू नये. "असं केल्याने वचक जातो" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की आपण चुकलो होतो हे मुलाला आधीच कळलेलं असतं. आपल्याला ते कबूल करता येतं की नाही, एवढंच त्याला अजून कळायचं असतं. आणि रोजचं छोटं खोटं बंद करावं. दारावर कोणी आलं की "पप्पा घरी नाहीत म्हणून सांग", सुई दुखणार नाही, वाचून झालं नसताना "हो, वाचलं". नाताळच्या म्हाताऱ्याबद्दल पालकांत दुमत असतं. खेळ म्हणून ठेवायला माझी हरकत नाही, पण मूल गंभीर होऊन "खरं सांग" म्हणेल त्या दिवशी खरं सांगावं.

मंडळीची जबाबदारी इथं सुरू होते. आपल्या मुलांचं वागणं ही जिथं पालकांच्या विश्वासाची परीक्षा मानली जाते, तिथं पालक मुलाला सुधारण्याआधी झाकायला शिकतात. पाळकांची मुलं हे ओझं सर्वांत जास्त वाहतात. वडिलांनी प्रवचनात आपल्या मुलाचा किस्सा सांगायचा असेल तर आधी मुलाची परवानगी घ्यावी, आणि त्याने नाही म्हटलं तर विषय संपला. साक्षीच्या वेळी, प्रार्थनेच्या विनंत्यांत मुलांचे दोष चव्हाट्यावर आणू नयेत.

सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र झाकण्याचीच आहे. दाविदाचा मुलगा अम्नोन याने आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर बलात्कार केल्यावर तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणाला, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, हे मनाला लावून घेऊ नकोस (२ शमुवेल १३:२०). दाविदाला राग आला, आणि त्याने काहीही केलं नाही. घराची अब्रू, मंडळीची साक्ष, क्षमेची शिकवण अशी कारणं देऊन आजही मुलांना हेच वाक्य ऐकवलं जातं. मुलाने अत्याचाराबद्दल सांगितलं तर पहिलं उत्तर असावं: "तू सांगितलंस हे बरं केलंस, यात तुझा दोष नाही." खोदून खोदून तपशील विचारू नयेत. मुलाने जेवढं सांगितलं तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं, मुलाला त्या माणसापासून तात्काळ दूर करावं आणि पोलिसांकडे व बालसंरक्षण यंत्रणेकडे जावं. मंडळीच्या पुढाऱ्यांच्या वडीलमंडळाने आधी आपापसात चौकशी करायची नाही. त्यात पुरावा बिघडतो आणि मूल पुन्हा पुन्हा तेच सांगत बसतं. त्या मुलाला क्षमा करायला लावणं हा दुसरा अत्याचार आहे. जक्कय या जकातदाराने लुबाडलेल्यांची भरपाई केली ती स्वतःहून, लोकांसमोर उभं राहून. कोणी त्याच्या बळींना आधी गप्प बसवलं नव्हतं. लहानपणापासून घरात एक नियम असावा: आई-पप्पांना सांगायचं नाही असं कोणतंही गुपित मोठ्या माणसाने मुलाला ठेवायला सांगू नये, आणि सांगितलं तर तेच आधी येऊन सांगायचं. खोटी सही केल्याचं कबूल करताना ज्याला मार मिळाला नाही, तेच मूल हे सांगायला येईल.

सुझॅना वेस्ली यांची आणखी एक रीत घेण्यासारखी आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ एकेका मुलाची. १७१२ च्या पत्रात त्यांनी वार दिले आहेत, आणि जॉनचा वार गुरुवार होता. सगळ्यांना रोज तासभर देणं जमणार नाही, पण आठवड्यातून वीस-पंचवीस मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून, एका मुलासोबत एकट्याने बसणं जमतं. अभ्यास आणि तक्रारी त्या वेळी काढायच्या नाहीत. पहिले काही आठवडे मूल काहीच बोलत नाही. मग एकदा बोलतं.

चौदा-पंधराव्या वर्षी ते असंही बोलेल: "मला देव आहे असं वाटत नाही." किंवा, "दृढीकरणाला उभं राहायची माझी इच्छा नाही." प्रामाणिकपणाची शिकवण खरी होती की नाही, हे या वेळी ठरतं. घाबरून पाळकांना बोलावू नये, पापाचा शोध सुरू करू नये. "कधीपासून असं वाटतंय?" असं विचारावं आणि ऐकावं. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून द्या" असं ओरडणाऱ्या बापाला (मार्क ९:२४) प्रभूने परत पाठवलं नाही, त्याच्या मुलाला बरं केलं. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावं, आणि पुढच्या आठवड्यात शोधून आणावं. उपासनेला यायचं की नाही यावर घराचा नियम असू शकतो, तो सरळ सांगावा. पण त्याने गायलंच पाहिजे, साक्ष दिलीच पाहिजे, प्रभुभोजन घेतलंच पाहिजे, असा आग्रह धरू नये. दृढीकरणात मूल देवासमोर आणि मंडळीसमोर वचन देतं. नातेवाईकांना बोलावून झालंय, कपडे शिवून झालेत, म्हणून ते वचन त्याच्याकडून वदवून घेणं म्हणजे त्याला वेदीपाशी उभं करून खोटं बोलायला लावणं. त्याला वेळ हवा असेल तर पाळकांनी पुढच्या वर्षीच्या वर्गात त्याचं नाव घालावं, "असं का?" म्हणून विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तर आई-वडिलांनी द्यावं, आणि तोपर्यंत उपासनेत तो जिथं बसत होता तिथंच त्याला बसू द्यावं.